न बांधलेली इंजिने



आजच्या विषयाची पाटी वाचून बाहेर दोघेतिघे हसत होते. त्यांचे बरोबर आहे. गोराईला रेल्वे स्टेशन नाही. खाडीच्या अलीकडच्या वसाहतीतल्या माणसाला गाडी पकडावयाची तर बोरिवलीपर्यंत रिक्षाने नाहीतर बसने जावे लागते, आणि पलीकडच्या गावातल्या माणसाला त्याच्याही आधी तरीत बसावे लागते. अशा ठिकाणी उतारूंच्या डिझेल इंजिनाची, तीही न बांधलेल्या इंजिनाची गोष्ट सांगावयाची म्हणजे वाळवंटात पोहण्याचा वर्ग काढण्यासारखे आहे. शिवाय व्याख्याता कोण, तर इंजिनिअर नव्हे, प्रोफेसर नव्हे. सातवीनंतर लेथवर उभा राहिलेला आणि पुढची तीस वर्षे युनियनच्या पावत्या फाडणारा माणूस. माझे इंजिनाचे ज्ञान फोर्टातल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आणि शब्दकोशातून आलेले आहे. रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असा वक्ता नसावा. पण चालकांनी बोलावले आहे, तेव्हा आपण सोसून घ्यावे.

विषय असा घेतला त्याला कारण आहे. आमच्या युनियनचे काही सभासद उपनगरांतल्या लहानलहान गाळ्यांत डिझेल इंजिनाचे सुटे भाग करीत आले. कोणी लायनर घासतो, कोणी नोझल करतो, कोणी नुसत्या वॉशरी पाडतो. ज्या इंजिनासाठी आपण आयुष्यभर वॉशरी पाडल्या ते कसे चालते आणि ते तसेच का केले, हे ह्या माणसांना कोणी कधी सांगितले नाही. आणि ते कसे असावे हे तर त्यांना कोणी विचारलेच नाही. एकदा रविवारच्या अभ्यासवर्गात मी कागद वाटले आणि म्हटले, उतारूंच्या गाडीचे तुमचे इंजिन काढा. आज जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्या कागदांवरचे आहे.

आधी इंजिन चालते कसे ते पाहू. येथल्या मंडळींना ते समजावणे सोपे, कारण डिझेलचा आवाज आणि वास खाडीवर रोजचा आहे. नळकांड्यात हवा कोंडून इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापते. मग त्यात तेलाची बारीक फवार सोडावयाची. ठिणगी नको, काडी नको, तेल आपोआप पेट घेते आणि दट्ट्या खाली लोटते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे असे यंत्र यशस्वी करून दाखविले. वाफेच्या आगगाडीच्या इंजिनात शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर चाकापर्यंत सहासात रुपयांचे काम पोचे. डिझेलच्या पहिल्याच यंत्राने शंभरातले सव्वीस रुपये वसूल केले. हा मनुष्य १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. त्याच्या यंत्राने पुढे वाफ हद्दपार केली, ते पाहावयास तो उरला नाही. आपल्याकडे कूपरच्या सातारच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने केली, आणि १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली. महाराष्ट्रातल्या विहिरीवर ज्याला नुसते ‘इंजिन’ म्हणतात ते हेच.

आता प्रश्न असा की, होडीचे इंजिन मोठे करून रुळांवर ठेवले तर आगगाडी ओढील काय? नाही ओढणार. होडीत इंजिन गिअरमधून सरळ पंखा फिरविते. पंखा पहिल्या क्षणी पाण्यात नुसताच घुसळतो, होडी सावकाश सरकते. म्हणजे पाणी स्वतःच क्लचचे काम करते. रुळांवर पाणी नाही. हजार टनांची गाडी जागची हलवावयाची त्या क्षणी चाक फिरत नसते आणि ओढ तर सर्वांत जास्त हवी असते. डिझेल इंजिन मात्र फिरत नसेल तर काहीच देत नाही. म्हणून मध्ये वीज आणली. डिझेल इंजिन जनित्र फिरविते, जनित्राची वीज आसांवर बसविलेल्या मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवितात. ज्याला आपण डिझेलचे इंजिन म्हणतो ते वास्तविक स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन धावणारे विजेचेच इंजिन होय. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या देशातली हकीगत. १९५७ पासून अमेरिकेतल्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ ही इंजिने आली. ह्या अक्षरांना भिऊ नये. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, डी म्हणजे डिझेल, शेवटचे अक्षर काम सांगते: जी म्हणजे माल, पी म्हणजे उतारू, एस म्हणजे शंटिंग आणि एम म्हणजे मिश्र, जे मिळेल ते ओढ. १९६२ साली डब्ल्यूडीएम-२ आले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. त्याच सुमारास जनरल मोटर्सचेही इंजिन आले होते आणि तेही चांगले होते. १९६९ साली हावडा–नवी दिल्ली राजधानी सुरू झाली ती त्याच्याच जोरावर. पण इंजिन येथे बांधावयास शिकविण्याची अल्कोची तयारी होती, म्हणून निवड अल्कोची झाली. १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले आणि त्या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने झाली. आपल्यातल्या चाळिशीपुढच्या माणसाने लहानपणी जे डिझेल इंजिन पाहिले असेल ते बहुधा तेच.

पाहा, ‘एम’ हे अक्षर गरिबीचे अक्षर आहे. घरात एकच सदरा असला म्हणजे तो लग्नालाही तोच आणि शेतावरही तोच. मालगाडीला हळू पण जबर ओढ लागते, उतारूंच्या गाडीला चपळाई लागते; दातेरी चाकांचे प्रमाण दोहोंना वेगळे हवे. उतारूंसाठी म्हणून खास डिझेल इंजिन, ज्याच्या नावात ‘पी’ आहे, ते बांधावयास १९९५ साल उजाडले. डब्ल्यूडीपी-१, २३०० अश्वशक्ती, चारच आस. त्यानंतर १९९८ मध्ये ३१०० अश्वशक्तीचे, दोन्ही टोकांना केबिन असलेले, निमुळत्या नाकाचे डब्ल्यूडीपी-२ आले. ते दिसावयास देखणे होते. झाली मात्र पन्नाशीच्या आतच. मग २००१ साली जनरल मोटर्सकडून चार हजार अश्वशक्तीचे डब्ल्यूडीपी-४ आले. त्यात एक काटकसर अशी केली होती की, सहा आसांपैकी चारांवरच मोटारी. वजन वाचले, रुळांना सुख झाले. परंतु जड गाडी घेऊन चढावर, ओल्या रुळांवर चाके घसरू लागली, तेव्हा पुढच्या जातीत सहाही आसांवर मोटारी आल्या. कागदावर वाचविलेली मोटार पावसाने परत मागून घेतली.

परंतु मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते नाकाविषयी.

डब्ल्यूडीएम-२ ची बांधणी अशी: एकच केबिन, तिच्या एका अंगाला आखूड नाक, दुसऱ्या अंगाला लांब नाक, आणि त्या लांब नाकात सगळे यंत्र. आखूड नाक पुढे असले तर ड्रायव्हरला बरे दिसते. लांब नाक पुढे असले म्हणजे त्याच्यापुढे दहाबारा मीटर लोखंडी भिंत. तो डाव्या खिडकीतून डावीकडचे पाहणार, उजवीकडचे असिस्टंट पाहणार आणि सिग्नल मोठ्याने पुकारून सांगणार. उजवीकडे वळण असले तर ड्रायव्हरला पुढचा रूळ जवळजवळ दिसतच नाही. तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी हजार माणसे घेऊन धावतो. अमेरिकेत ही बांधणी यार्डातल्या कामासाठी आणि लांब मालगाड्यांसाठी सोयीची ठरली. तेथे पुढचे इंजिन एका तोंडाने, मागचे दुसऱ्या तोंडाने जोडले की फिरविण्याचा प्रश्न मिटतो. आपण एकेकटे इंजिन एक्सप्रेसला जोडले आणि शेवटच्या स्टेशनात त्याला फिरवावयास जागा असेलच असे नाही. सत्तरीच्या दशकात आखूड नाक बुटके करून मोठ्या खिडक्या लावलेली काही इंजिने निघाली, त्यांना ‘जंबो’ म्हणत. पण लांब नाक होते तसेच राहिले. २००१ च्या डब्ल्यूडीपी-४ मध्येही तेच. लांब नाक पुढे असताना वेगाला मर्यादा घालण्याची पाळी आली. शेवटी २०१० च्या सुमारास दोन्ही टोकांना केबिन असलेले डब्ल्यूडीपी-४डी निघाले. ‘डी’ म्हणजे दुहेरी.

म्हणजे १९६२ पासून धरले तर जवळजवळ अर्धे शतक. ह्या अर्ध्या शतकात दोन केबिनींचे इंजिन ही काही अज्ञात गोष्ट नव्हती. कल्याणच्या घाटात १९२९-३० पासून जी विजेची इंजिने धावत होती त्यांना दोन्ही टोकांना केबिनी होत्या. युरोपात डिझेललाही होत्या. तेव्हा इंजिनिअरांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. केबिनीला पैसा लागतो, दुसरा सरंजाम लागतो, लांबी वाढते. आणि ज्याला दिसत नाही तो मनुष्य नकाशाच्या टेबलापाशी बसलेला नसतो.

तो बसला तर काय होते, ह्याचे एक उदाहरण विलायतेतले आहे. ब्रिटिश रेल्वेने १९७२ साली ताशी सव्वाशे मैलांच्या डिझेल गाडीचा नमुना बांधला. दोन्ही टोकांना एकेक इंजिन, मध्ये डबे. पुढच्या वर्षी तिने ताशी १४३ मैलांचा वेग गाठला. पण नमुन्याच्या केबिनीत मधोमध एकच खुर्ची होती आणि समोर एक लहानशी जाड काच. ड्रायव्हरांच्या ‘ॲस्लेफ’ ह्या संघटनेने सांगितले, इतक्या वेगाला एका माणसाने चालवावयाची गाडी आम्ही चालविणार नाही. गाडी कित्येक महिने उभी राहिली. वर्तमानपत्रांनी संघटनेला प्रगतीचा शत्रू ठरविले. ते ठरविणारच, त्यांचा तो धंदा आहे. पुढे केनेथ ग्रेंज नावाच्या डिझायनरला बोलावले ते नुसता रंग कसा द्यावा हे सांगण्यासाठी. त्याने आपण होऊन लाकडाचे नमुने केले, वाऱ्याच्या बोगद्यात तपासले आणि नाकच बदलले. १९७६ साली जी गाडी प्रत्यक्ष धावू लागली तिला रुंद काच होती, दोन खुर्च्या होत्या आणि ते पुढे झुकलेले नाक होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती धावली. आज त्या नाकाची चित्रे टपालाच्या तिकिटांवर येतात. संपाचे चित्र कोठे येत नाही, एवढेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान न होता सभा होईल. वाफेच्या मोठ्या इंजिनावर आपल्याकडे ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत. डिझेलवर कोळसा टाकावयाचा नाही, तर फायरमन कशाला? अमेरिकेत ह्यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले. अखेर १९६३ साली काँग्रेसने खास कायदा करून ते लवादाकडे दिले आणि मालगाड्यांवरचे व यार्डांतले बहुतेक फायरमन हळूहळू गेले. तेथल्या संघटनेने फायरमनची जागा मागितली. त्याच्या डोळ्यांची किंमत मांडली असती तर निकाल वेगळा लागता, असे माझे मत आहे. आपल्याकडे दुसरा माणूस असिस्टंट म्हणून राहिला ह्याला एक कारण ते लांब नाकच होय. वाईट बांधणीने एका माणसाची भाकरी राखली. ह्या गोष्टीवर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला आणि तो मिटला नाही.

आता आमच्या कागदांवरचे इंजिन.

आम्ही मार्ग धरला कोकण रेल्वेचा. गोराई-चारकोपच्या वसाहतीत कोकणातली घरे किती आहेत हे गणपतीच्या आठवड्यात दारांवरच्या कुलपांवरून कळते, म्हणून. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदांवर बोगदे, त्यांत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा, आणि चढ कोठेही दीडशेस एक ह्याहून कडक नाही. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवसांचा रेल्वे संप ज्यांनी पुढे होऊन चालविला ते जॉर्ज फर्नांडिस १९८९ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत ह्या मार्गाला चालना मिळाली. २६ जानेवारी १९९८ रोजी तो सबंध खुला झाला, आणि पुढची चोवीस वर्षे त्यावर मुख्यतः डिझेलच धावले.

हिशेब अगदी साधा आहे, दुकानदारीचा म्हणा. अठरा डबे आणि इंजिन मिळून वजन हजार टन धरू. दीडशेस एक चढ म्हणजे वजनाचा दीडशेवा भाग मागे ओढणार, पावणेसात टन. चाकांचे घर्षण आणि वारा ह्यांचे चारेक टन. एकूण अकरा टन ओढ. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. अकरा हजार किलो गुणिले चौदा, भागिले पंचाहत्तर. कारण एक अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलो सेकंदाला एक मीटर उचलणे. उत्तर येते दोन हजारांच्या थोडे वर. म्हणजे २६०० चे जुने इंजिन, मधली गळती वजा जाता, चढावर पन्नासाच्या वेगात दमणार. शंभराने जावयाचे तर दुपटीहून जास्त शक्ती पाहिजे, कारण वारा वाढतो. म्हणून आम्ही साडेचार हजार धरले.

येथे वर्गात फूट पडली. एक पक्ष म्हणाला, सोळा सिलिंडरांचे एकच मोठे इंजिन नको, दीड हजारांची तीन घ्या. स्टेशनात गाडी उभी असताना मोठे इंजिन उगाच धडधडत राहते, कारण ब्रेकला हवा पाहिजे आणि बंद केल्यावर वेळेवर सुरू होईल ह्याची खात्री कोण देणार? तिनांपैकी एकच चालू ठेवले तर तेल वाचेल. एक बिघडले तर दोन घेऊन गाडी घरी येईल. होडीवरून इंजिन उचलून दुसरे ठेवतात तसे शेडमध्ये तासाभरात बदलता येईल. दुसरा पक्ष फिटरांचा होता. ते म्हणाले, तुम्ही तीन इंजिने बसविणार म्हणजे तीन पंप, तीन पंखे, तीन रेडिएटर, आणि माणसे वाढविणार किती? शून्य! अनुभव फिटरांच्या बाजूने आहे. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात यार्डातल्या कामासाठी अशी तीन लहान इंजिनांची लोकोमोटिव्ह बांधली गेली. तेल वाचले, पण दुरुस्तीची कटकट वाढली आणि त्यांतली बरीचशी लवकर मोडीत निघाली. आम्ही मोठे इंजिन एकच ठेवले आणि थांब्यावर हवा व दिवे पुरविण्यासाठी एक लहान जोडइंजिन दिले. अशी जोडइंजिने रेल्वेने पुढे खरोखरच बसविली.

दुसरा प्रश्न बोगद्यांचा. ताशी पन्नासाने करबुड्याचा बोगदा ओलांडावयास आठ मिनिटे लागतात. इंजिन पुऱ्या जोरात आणि धूर जाणार कोठे? कोकण रेल्वेने लांब बोगद्यांत हवेसाठी मोठे पंखे बसविले, ते आवश्यकच होते. परंतु धूर पहिल्यांदा कोणाच्या नाकात जातो ते पाहा. लांब नाक पुढे असले तर धुराडे ड्रायव्हरच्या पुढे. आणि इंजिनालगत डबा कोणता? बहुधा जनरल. आरक्षण न मिळालेला, शिमग्याला उभ्याने गावी निघालेला मनुष्य, खिडकी उघडी. वातानुकूलित डबे मध्यावर. कोणी दुष्टपणाने हे ठरविलेले नाही. पण मुद्दाम ठरविले असते तरी ह्याहून वेगळे झाले नसते.

आमच्यातल्या एका पोराने, तो नोझलवर काम करतो, कागदावर एक चौकोन काढला आणि लिहिले: बॅटरी. बोगद्यात डिझेल मंद करावयाचे आणि आठ मिनिटे बॅटरीवर काढावयाची. मघाशी म्हटले ना, हे इंजिन मुळात विजेचेच आहे. मोटारींना वीज कोठून आली ह्याच्याशी देणेघेणे नाही. हिशेब केला. दोन हजार अश्वशक्ती म्हणजे दीड हजार किलोवॅट, आठ मिनिटे: दोनशे युनिटे. आपल्यापैकी एखाद्या घराचे महिन्याचे बिल. आजच्या बॅटऱ्यांत हे दोनतीन टनांत बसते, शंभरावर टनांच्या इंजिनात ते फार नाही. आणि ती भरावयाची कशी? ताशी शंभराने धावणारी हजार टनांची गाडी थांबविताना शंभरेक युनिटांची ताकद उष्णता होऊन जाते. डिझेल इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकमध्ये ती चक्क विजेच्या शेगड्यांत जाळून वाऱ्यावर सोडतात. सगळी हाती लागणार नाही, पण अर्धी लागली तरी दर थांब्याला पन्नास युनिटे जमा. त्या पोराला मी विचारले, हे तू कोठे वाचलेस? तो म्हणाला, रिक्षावाल्या मित्राची बॅटरीची रिक्षा पाहिली.

इंजिन कागदावर काढताना मार्गाकडे आधी पाहावे, हा धडा आपल्याकडेच एकाने घालून दिला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता. १८९७ साली अडीच फुटी रुळांची ती गाडी सुरू झाली. हलके रूळ, तर एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यावयाचा नाही, हा नियम त्याने आधी ठरविला आणि इंजिन, डबा, वाघीण सगळे त्या नियमात बसविले. हलक्या रुळांवर मग पूर्ण ताकदीची वाहतूक झाली. हाच मनुष्य पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट करीत बसला. कॅलथ्रॉपने रुळाचा विचार केला, तसा आमच्या वर्गाने एक ट्रॅकमनचा केला. मोटारी आसांनाच टांगलेल्या असल्या म्हणजे त्यांचे वजन स्प्रिंगांवाचून रुळांवर आपटते, सांधे उखडतात आणि हातोडा घेऊन उन्हात जाणारा माणूस वेगळाच असतो. म्हणून आमच्या इंजिनात मोटारी बोगीच्या चौकटीला टांगल्या, स्प्रिंगांच्या वर. महाग पडते. वर्गाने मत घेऊन मंजूर केले. ट्रॅकमन एकही हजर नव्हता, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

पावसाचे काय? २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर येऊन उतारूंची गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. रुंद काच आणि दोन केबिनी असत्या तर ह्या गाड्या वाचल्या असत्या काय? मी तसे म्हणणार नाही. शंभराच्या वेगातल्या गाडीला थांबावयास किलोमीटरच्या आसपास अंतर लागते आणि मुसळधार पावसात दिव्याचा झोत तेवढा पोचत नाही. तेथे उपाय म्हणजे डोंगराला जाळ्या, पावसाळ्याचे सावकाश वेळापत्रक आणि छत्री-कंदील घेऊन रात्रभर रूळ तुडविणारा गस्तीचा माणूस. हे तिन्ही उपाय पुढे वाढले. इंजिनाच्या आकाराने सगळे प्रश्न सुटतात असे समजणे हा इंजिनाचे नाद असणाऱ्यांचा दोष आहे.

राहिली केबिनीच्या आतली व्यवस्था. १९७३ साली लोको कामगारांनी संप करून दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळविले. दहा तास! आणि इंजिनावर शौचालय नाही. वाफेवर नव्हते, डिझेलवर नव्हते, विजेवर नव्हते. पुरुष काहीतरी करून वेळ मारून नेत. १९८९ साली सातारच्या सुरेखा यादव असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रुजू झाल्या. आशियातली पहिली स्त्री म्हणून त्यांचे फोटो छापले गेले. २०११ च्या महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन घाटातून मुंबईस आणली, २०२३ मध्ये सोलापूरची वंदे भारत चालविली आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. शौचालय बसविलेल्या पहिल्या इंजिनाचा समारंभ २०१६ साली झाला, म्हणजे त्या नोकरीत लागल्यानंतर सत्तावीस वर्षांनी, आणि ते एका इंजिनात बसले म्हणजे सर्वांत बसले असे नव्हे. हार घालणारे हात पुष्कळ असतात, दीड मीटर जागा देणारे थोडे. आमच्या कागदावर बायकांनी पहिली रेघ ओढली ती ह्या जागेची, अश्वशक्ती ठरण्याच्या आधी.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाची फळी लाकडाची होती. त्यांनी तिच्यावर दोन इंच फोम घालविला. कोट्यवधी माणसांच्या पाठी त्यावर टेकल्या. त्याने रेल्वे बुडाली असे ऐकिवात नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत बळकट. डिझेलचा जमाना गेला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले. करबुड्यात आता गाडीचा धूर नाही, आमची बॅटरी त्याआधीच रद्दीत गेली. ब्रॉडगेजवर जवळजवळ सर्वत्र तारा आल्या. बिहारात मढौऱ्याला मालगाडीची डिझेल इंजिने बांधली गेली, पण वाराणसीचा कारखाना विजेची इंजिने बांधू लागला आणि २०२० साली त्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्दही पुसला. धूर गेला ह्याचे मला दुःख नाही. जनरलच्या डब्यातल्या माणसाच्या फुप्फुसाचा विचार करणाऱ्याला ते असूच शकत नाही. पण धुराबरोबर लायनर, नोझल आणि वॉशरीही गेल्या. आमच्या काही गाळ्यांतल्या मशिनींवर पोते टाकलेले आहे. विजेच्या इंजिनाला काय लागते, त्यातले कोणते काम आपल्या लेथवर निघू शकते, ह्याचा कागद कोणी आमच्यापुढे टाकला नाही. तो आता आम्हीच करावयास घेतला आहे. सोळा सुट्या भागांची यादी तयार आहे, त्यांतले पाच करून पाहिले. तीन जमले.

आणि तारा आल्या म्हणून केबिनीचे प्रश्न मिटले असेही नाही. खुर्ची तीच, ऊन तेच, दहा तास तेच. वादळात तार तुटली की मदतीला डिझेलच धावते. पलीकडे धक्क्यावर उभी असलेली तर अजून डिझेलवरच आहे. तिच्या तांडेलाची जागा धुराच्या कोणत्या अंगाला असावी, ह्यावर पुढच्या रविवारचा वर्ग आहे. गावातल्या मंडळींनी यावे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे. दाराशी टेबलावर आमच्या इंजिनाचा मोठा कागद पसरलेला आहे, शेजारी पेन्सिली आहेत. यंत्राचा भाग भरलेला आहे. केबिनीत तीन जागा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. ब्रेकचा दांडा कोणत्या हाताला, असिस्टंटची खुर्ची किती मागे, आणि पाण्याची बाटली व डबा ठेवावयाचा कोठे. सभेत दोन निवृत्त ड्रायव्हर बसलेले मला दिसताहेत. त्यांनी आधी जावे, बाकीच्यांनी रांग धरावी.